१९० मिलिव्होल्टचा रिपल नेमका कुणाचा?

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान युनिटमध्ये २४ व्होल्ट डीसी घेऊन ५ व्होल्ट देणारे बक कन्व्हर्टरचे बोर्ड तयार होतात आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या एका ग्राहकाकडे जातात. ऑर्डरच्या कागदावर अट स्पष्ट होती: ५ व्होल्टच्या आउटपुटवर रिपल (डीसीवर उरलेली बारीक लाट) आणि नॉइज मिळून ५० मिलिव्होल्ट पीक-टू-पीकच्या (तळापासून शिखरापर्यंतच्या उंचीच्या) आत, २० मेगाहर्ट्झ बँडविड्थवर (त्यावरच्या फ्रिक्वेन्सी गाळून) मोजलेला. मग ग्राहकाकडून तक्रार आली की काट्यावरचा शेवटचा आकडा स्थिर राहत नाही, तुमचा सप्लाय तपासा. युनिटमध्ये ऑसिलोस्कोप लावून पाहिलं, तर स्क्रीनवर १९० मिलिव्होल्ट.

आउटपुटवर ४७० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाढवले. रीडिंग १८५ झालं. इंडक्टर दुसऱ्या कंपनीचा घालून पाहिला, तरी १९०च्याच आसपास. बोर्डावर तांब्याची पट्टी टाकून शील्डिंगही करून झालं. दर प्रयत्नाला बोर्डाची किंमत वाढत होती आणि आकडा जागचा हलत नव्हता. डिझाइन नव्यानं करायचं का, हे ठरवण्यासाठी मला बोलावलं गेलं.

मला विचाराल तर निदानाची पहिली खूण १९० या आकड्यात नव्हती, तो न हलण्यात होती. आउटपुटवर जवळपास साडेनऊशे मायक्रोफॅरड ओतूनही रिपल जागचा हलत नसेल, तर जे दिसतंय ते आउटपुटवर आहे का, हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

आधी कागदावर

स्कोपला हात लावण्याआधी अपेक्षित उत्तर काढून ठेवावं, असा माझा आग्रह असतो. त्याला दहा मिनिटं लागतात आणि पुढचे कितीतरी तास वाचतात. या बोर्डाची स्विचिंग फ्रिक्वेन्सी ५०० किलोहर्ट्झ, इंडक्टर १० मायक्रोहेन्री. २४ वरून ५ व्होल्ट करायचे म्हणजे ड्यूटी सायकल, स्विच चालू असण्याचा हिस्सा, साधारण २१ टक्के. यावरून इंडक्टरमधला करंट रिपल येतो सुमारे ०.८ अँपिअर. आउटपुटवर मुळात २२ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक होते. पण सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज आलं की त्याची खरी कपॅसिटी घटते, म्हणून दोन्ही मिळून ४४ न धरता ३० मायक्रोफॅरड धरले. करंट रिपलला ८ गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्सनं भागलं की साडेसहा-सात मिलिव्होल्ट मिळतात. कपॅसिटरचा अंतर्गत रेझिस्टन्स आणि थोडा इंडक्टन्स यांचा वाटा मिळवला, तरी १० ते १२ मिलिव्होल्टच्या वर जाण्याचं कारण दिसत नव्हतं.

म्हणजे हिशेब १०चा आणि स्कोप सांगतो १९०. हिशेब असा पंधरा-वीस पटींनी चुकत नाही.

टेबलावरची जोडणी

स्कोप चांगला होता. १०० मेगाहर्ट्झ, चार चॅनल, सेकंदाला १ अब्ज सँपल घेणारा डिजिटल स्कोप. (तिथं सगळे त्याला अजून सीआरओच, म्हणजे जुन्या पिक्चर-ट्यूबवाल्या स्कोपच्या नावानंच, म्हणतात, आणि त्यानं काही बिघडत नाही.) सोबत त्याचेच १०एक्स, म्हणजे सिग्नल दहानं भागून देणारे, प्रोब, प्रत्येकाला पंधरा सेंटिमीटरची काळी ग्राउंड वायर आणि तिच्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप.

पहिली गोष्ट खटकली ती भिंतीवरच्या बोर्डात. स्कोपच्या तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावला होता, म्हणजे अर्थ (अर्थिंगची जोडणी) तोडलेला. कारणही कळलं. पूर्वी कुणीतरी मेन्सवर चालणाऱ्या एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरी बाजूला, म्हणजे मेन्सकडच्या बाजूला, प्रोबची ग्राउंड क्लिप लावली होती आणि जोराचा स्फोट झाला होता. तेव्हापासून स्कोप ‘फ्लोट’ करून वापरायची पद्धत पडली.

यावर मी थोडा जास्तच वेळ घेतो, कारण ही पद्धत महाराष्ट्रातल्या असंख्य वर्कशॉपांत दिसते आणि ती जीवघेणी आहे. ग्राउंड क्लिप, बीएनसीची (प्रोब स्कोपला जोडायच्या कनेक्टरची) बाहेरची कडी, स्कोपची बॉडी आणि थ्री-पिनची अर्थ पिन हे सगळं आतून एकच असतं. अर्थ तोडला की स्कोपच्या सप्लायमधल्या फिल्टरचे दोन कपॅसिटर, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, बॉडीला साधारण अर्ध्या मेन्स व्होल्टेजवर आणून ठेवतात. स्कोपला हात लागला की झिणझिण्या येतात त्या यामुळेच. तेवढा करंट सहसा मारत नाही. पण ती क्लिप जर ब्रिज रेक्टिफायरनंतरच्या बाजूला लागली, तर ३२५ व्होल्टच्या पीकनं जिवंत झालेली बॉडी, नॉब आणि बीएनसी माणसाच्या हाताखाली असतात. मेन्सशी जोडलेल्या सर्किटवर मोजायचं असेल, तर डिफरन्शियल प्रोब वापरावा किंवा ज्या सर्किटवर मोजायचं त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून वीज द्यावी. स्कोपचा अर्थ कधीच तोडू नये. आपला बोर्ड तर २४ व्होल्टच्या आयसोलेटेड अडॅप्टरवर चालणारा होता, तिथं फ्लोट करायची गरजही नव्हती. अडॅप्टर काढून प्लग सरळ सॉकेटमध्ये लावला. रीडिंगमध्ये फरक अगदी थोडा पडला, पण त्यासाठी तो काढलाच नव्हता.

दुसरी गोष्ट. चॅनल एकची क्लिप आउटपुटच्या निगेटिव्हवर होती आणि चॅनल दोनची क्लिप इनपुट कनेक्टरच्या निगेटिव्हवर. दोन्ही ‘ग्राउंड’च, मग हरकत काय, असं वाटतं. पण चारही चॅनलची ग्राउंड स्कोपच्या आत जोडलेली असतात. बोर्डावर या दोन बिंदूंच्या मधल्या तांब्यातून स्विचिंग करंट धावतो, आणि दोन क्लिपा लावल्या की त्याला प्रोबच्या केबलमधून दुसरा रस्ता मिळतो. शिवाय प्रोग्रॅमिंगसाठी लॅपटॉपची यूएसबी केबलही बोर्डात खोचलेली होती, म्हणजे अर्थाला जाणारी तिसरी वाट. चॅनल दोनची क्लिप काढली, यूएसबी उपसली. स्क्रीनवरची रेघ अंगभर थरथरत होती ती निवली, पण लाटेवरचे टोकदार काटे (स्पाइक) तसेच राहिले.

तिसरी, प्रोबचं कॉम्पेन्सेशन, म्हणजे प्रोबची स्कोपच्या इनपुटशी जुळवणी. स्कोपच्या पुढच्या बाजूला १ किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हची टर्मिनलं असतात, तिथं प्रोब लावला. वरचा कोपरा सरळ न येता उंचावून मग खाली बसत होता. लोक याला नुसता कोपऱ्याचा प्रश्न समजतात, आणि इथं मोठी गफलत होते. १०एक्स प्रोबमध्ये टोकाशी ९ मेगओहम आणि स्कोपमध्ये १ मेगओहम, हा दहाचा भागाकार फक्त डीसी आणि कमी फ्रिक्वेन्सीलाच लागू असतो. दीडेक किलोहर्ट्झच्या वर भागाकार ठरवतात ते प्रोबमधले आणि स्कोपमधले कपॅसिटर. त्यांचं प्रमाण बिघडलं असेल, तर ५०० किलोहर्ट्झवरचं प्रत्येक रीडिंग त्याच टक्क्यानं चुकतं, मग वेव्हला कोपरा असो वा नसो. या प्रोबवर ती चूक १५ टक्क्यांच्या आसपास होती. प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं ट्रिमर फिरवून कोपरा चौकोनी केला. प्रोब ज्या चॅनलला लावायचा त्याच चॅनलवर हे करायचं असतं, कारण प्रत्येक इनपुटची कपॅसिटी थोडी वेगळी असते. चॅनलच्या मेनूत १०एक्स निवडलेलं आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावं. ते चुकलं तर चूक थेट दहापट.

काहीच न मोजता काय दिसतं?

बोर्डावर २ अँपिअरचा लोड ठेवून स्कोपवर पुन्हा पाहिलं. दर २ मायक्रोसेकंदांत दोन काटे, एकमेकांपासून ०.४ मायक्रोसेकंद अंतरावर. म्हणजे एक काटा स्विच चालू होताना, दुसरा बंद होताना. काट्यांच्या पायथ्याशी फिकट त्रिकोणी लाट. पीक-टू-पीक सुमारे १६५.

मग प्रोबचं टोक ५ व्होल्टवरून काढलं आणि आउटपुटच्या निगेटिव्हवर, जिथं ग्राउंड क्लिप होती त्याच सोल्डरवर टेकवलं. टोक आणि क्लिप एकाच बिंदूवर आहेत, मधलं व्होल्टेज शून्य. स्कोपवर सरळ रेघ दिसायला हवी.

काटे तिथंच होते, आणि उंची सुमारे १२० मिलिव्होल्ट.

युनिटचे मालक टेबलाशी उभे होते. त्यांनी विचारलं, “सर, बोर्ड बंद केलाय का?” बोर्ड चालूच होता. मी प्रोब तसाच धरून क्लिपची वायर हातानं इंडक्टरच्या जवळ नेली, तर काटे वाढले. वायर प्रोबच्या अंगाला गुंडाळून लपेटली, तर कमी झाले. सर्किटमधलं काहीच बदललं नव्हतं, बदलली होती फक्त वायरची जागा.

मोजण्याआधीची ही एक चाचणी मी सगळ्यांना गळ घालून सांगतो. टोक आणि क्लिप एकत्र आणून, बोर्ड पूर्ण लोडवर चालू ठेवून, त्याच जागी जे रीडिंग येतं ते तुमच्या जोडणीचं आहे. ते मोजायच्या आकड्याच्या पाव-दहाव्या हिश्शाहून मोठं असेल, तर पुढं जाण्यात अर्थ नाही. हे रीडिंग सरळ वजाही करता येत नाही, कारण ते कोणत्या क्षणी खऱ्या सिग्नलमध्ये मिळतं आणि कोणत्या क्षणी त्यातून घटतं, हे ठरलेलं नसतं.

पंधरा सेंटिमीटर वायर

हे काटे येतात कुठून? प्रोबचं टोक, प्रोबची बॉडी, काळी वायर, क्लिप आणि परत बोर्ड, असा एक वेढा तयार होतो. स्विच होताना बोर्डावर करंट नॅनोसेकंदांत बदलतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र या वेढ्यातून जातं आणि वेढ्यात व्होल्टेज तयार करतं. वेढा जितका मोठा, तितकं व्होल्टेज जास्त. ही झाली एक बाजू.

दुसरी बाजू वायरच्या स्वतःच्या इंडक्टन्सची. सरळ वायरीला सेंटिमीटरमागे साधारण १० नॅनोहेन्री धरतात, म्हणजे पंधरा सेंटिमीटरला १५० नॅनोहेन्री. प्रोबच्या टोकाची कपॅसिटी १२ पिकोफॅरडच्या आसपास. हे दोघं मिळून जो रेझोनन्स होतो तो येतो ११९ मेगाहर्ट्झवर. कोणताही तीव्र धक्का बसला की हे सर्किट त्या फ्रिक्वेन्सीवर वाजत राहणार, आणि बोर्डाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. स्क्रीनवरच्या एका काट्यावर टाइमबेस (पडद्याच्या एका चौकटीला लागणारा वेळ) २० नॅनोसेकंद पर डिव्हिजन केला. काट्यामागे रिंगिंग होतं, पण रेघ तुटक आणि दर स्वीपला वेगळी. कारण चारही चॅनल चालू होते. या स्कोपमध्ये १ अब्ज सँपल चार चॅनलांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला २५ कोटी, म्हणजे ४ नॅनोसेकंदांतून एक बिंदू. साडेआठ नॅनोसेकंदांच्या लाटेला जेमतेम दोन बिंदू मिळतात, आकार कसा कळणार? बाकीचे तीन चॅनल बंद केले. बिंदू १ नॅनोसेकंदावर आले आणि रिंगिंगची लाट स्वच्छ उमटली. कर्सर लावला तर दोन शिखरांत साडेआठ नॅनोसेकंदांच्या जवळपास अंतर. हिशेबातले ११९ मेगाहर्ट्झ म्हणजे ८.४ नॅनोसेकंद. वायर आणि प्रोब दोघांनी मिळून आपलीच ओळख पटवून दिली.

आता प्रोबची टोपी काढली, काळी वायर काढून ठेवली. प्रोबच्या डबीत एक बारीक स्प्रिंगची पिन येते, ती टोकाजवळच्या धातूच्या नळीवर बसते. बहुतेक वर्कशॉपांत ही पिन पिशवीतच राहते. ती बसवून टोक थेट आउटपुटच्या सिरॅमिक कपॅसिटरच्या एका बाजूवर आणि स्प्रिंग दुसऱ्या बाजूवर टेकवली. रीडिंग ४६ मिलिव्होल्ट.

कपॅसिटरवरच का, आउटपुटच्या कनेक्टरवर का नाही, हा रास्त प्रश्न तिथं आला. कन्व्हर्टर कसा चाललाय हे पाहायचं असेल तर कपॅसिटरवर मोजावं. ग्राहकाला काय मिळतं हे पाहायचं असेल तर कनेक्टरवर, पण तेव्हा पद्धत आधी ठरलेली हवी. कॉम्प्युटरच्या एटीएक्स पॉवर सप्लायसाठी इंटेलच्या डिझाइन गाइडमध्ये ५ व्होल्टला ५० आणि १२ व्होल्टला १२० मिलिव्होल्टची मर्यादा आहे. तिच्याबरोबरच कनेक्टरवर १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावून, २० मेगाहर्ट्झ बँडविड्थवर मोजा, असंही तिथंच लिहिलेलं आहे. आकडा आणि मोजण्याची रीत ही एकाच अटीची दोन अंगं आहेत.

आपल्या ऑर्डरवरही २० मेगाहर्ट्झ होतंच, पण स्कोपमध्ये ती लिमिट बंद होती. चॅनलच्या मेनूतून चालू केली. ४६चे २४ झाले.

काही जण म्हणतात की ही लिमिट लावणं म्हणजे नॉइज लपवणं. मला हे पटत नाही. रिपलची अट ज्या बँडविड्थवर लिहिली आहे त्याच बँडविड्थवर मोजायची. त्यावरचा नॉइज तुमच्या सर्किटला त्रास देत असेल, तर तो जरूर मोजा, पण वेगळ्या नावानं आणि वेगळ्या जोडणीनं.

कोअॅक्स केबल

२४ हा आकडा अटीत बसत होता. मालक खूश झाले. पण कागदावर १० होते, आणि हे अंतर मला सोडवत नव्हतं. टोक आणि स्प्रिंग एकाच बिंदूवर ठेवून पुन्हा शून्य पाहिलं, तर ९ मिलिव्होल्टची जाड रेघ. हा स्कोपचा स्वतःचा नॉइज होता. १०एक्स प्रोब सिग्नल दहानं भागतो आणि स्कोप तो दाखवताना दहानं गुणतो, त्याबरोबर इनपुटचा नॉइजही दहापट होतो. त्यावर स्कोपचं पीक-टू-पीक मेजरमेंट सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिंदू धरतं, म्हणजे नॉइजचं टोक आकड्यात जातंच. काही मिलिव्होल्ट पाहायला १०एक्स प्रोब हे योग्य साधन नाही.

प्रोबवरचं बटण १एक्सवर सरकवणं हा नेहमीचा उपाय. त्यात बँडविड्थ दहाएक मेगाहर्ट्झच्या आत येते आणि सर्किटवर प्रोबची कपॅसिटी बरीच वाढते. त्रिकोणी लाट पाहायला तेवढ्यानं भागतं, पण अटीतल्या २० मेगाहर्ट्झला ते पुरत नाही. मी त्याऐवजी आरजी-१७४ कोअॅक्सचा (मधली तार आणि भोवती शील्डची जाळी असलेल्या केबलचा) मीटरभर तुकडा घेतला. एका टोकाला बीएनसी होताच. दुसऱ्या टोकाला शील्डची जाळी पिळून अगदी आखूड ठेवली आणि ती सिरॅमिक कपॅसिटरच्या ग्राउंड बाजूला सोल्डर केली. मधली तार ४७ ओहमच्या छोट्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टच्या बाजूला जोडली. स्कोपचं इनपुट १ मेगओहम, एसी कपलिंग, चॅनल १एक्स.

रेझिस्टर कशाला? स्कोपचं टोक या केबलसाठी उघडं आहे, तिथून सिग्नल परत फिरतो. सोर्सच्या टोकाला केबलइतकाच ५० ओहमच्या जवळचा रेझिस्टन्स असला की परतलेला सिग्नल तिथं शोषला जातो आणि स्कोपवर उंची पूर्णच दिसते. या रेझिस्टरऐवजी स्कोपच्या बाजूला ५० ओहमचं टर्मिनेशन लावलं असतं, तर ५ व्होल्टच्या डीसीनं त्यातून फुकट १०० मिलिअँपिअर खेचले असते.

एसी कपलिंगचंही कारण सांगतो. ८ बिटचा स्कोप उभ्या स्क्रीनचे २५६ भाग करतो. डीसी कपलिंगवर ५ व्होल्ट पडद्यात बसवायला १ व्होल्ट पर डिव्हिजन लागतं, आठ डिव्हिजनचे ८ व्होल्ट, म्हणजे एक पायरी ३१ मिलिव्होल्टची. १० मिलिव्होल्टचा रिपल त्या पायरीच्या आतच हरवतो. रेघ सरळ दिसते आणि माणूस ‘सप्लाय एकदम क्लीन’ लिहून मोकळा होतो. एसी कपलिंगनं ५ व्होल्ट बाजूला काढले आणि ५ मिलिव्होल्ट पर डिव्हिजन घेतलं, की तीच पायरी ०.१६ मिलिव्होल्टची होते.

शून्याची चाचणी केली: दीड मिलिव्होल्ट. मग खरं रीडिंग: ११ मिलिव्होल्ट, २ मायक्रोसेकंदांची स्वच्छ त्रिकोणी लाट, कडांवर बारीक पायऱ्या. हिशेब आणि मोजमाप जुळलं.

मग वजनकाट्यावरचा आकडा का नाचतो?

बोर्ड निर्दोष, पत्र लिहून टाकू, असं मालकांचं म्हणणं. पण ग्राहकाची तक्रार आकड्याबद्दल होती, रिपलबद्दल नव्हती. १९० मिलिव्होल्ट खोटे निघाले म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

टेस्टिंगला बसणाऱ्या ताईंनी ग्राहकाकडून परत आलेला काटा स्वतः चालवून पाहिला होता. त्या म्हणाल्या, “सर, माल ठेवला की आकडा नाही नाचत. काही वेळ कुणी हात लावला नाही, डिस्प्लेची लाइट विझली, की मग नाचायला लागतो. आणि ते मोठे कपॅसिटर टाकलेल्या बोर्डावर जरा कमी नाचतो.”

हे त्यांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं कुणी. स्कोपवर आकडा हलत नाही म्हटल्यावर कपॅसिटरचा उपयोग नाही असं ठरून गेलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांना दिसलेला फरक नोंदलाच गेला नाही. या प्रकरणात खोट्या रीडिंगनं केलेलं सर्वांत मोठं नुकसान मला हेच वाटतं. वाढीव कपॅसिटरचा खर्च त्यापुढं किरकोळ.

डिस्प्ले विझला की काटा किती करंट घेतो? २० मिलिअँपिअर. युनिटमध्ये प्रत्येक टेस्ट २ अँपिअरवर होत होती, लोड जास्त म्हणजे रिपल जास्त, या समजुतीनं. कोअॅक्स तसाच ठेवून, मूळ बोर्डावर लोड २० मिलिअँपिअरवर आणला.

लाट बदलली. ५०० किलोहर्ट्झचा त्रिकोण गेला. एक-दोन उड्या, मग लांब उतार, पुन्हा एक-दोन उड्या. उंची ६२ मिलिव्होल्ट. हा कन्व्हर्टरचा आयसी हलक्या लोडवर वीज वाचवण्यासाठी सलग स्विचिंग थांबवतो, आउटपुट खाली आलं की थोडे पल्स देतो आणि पुन्हा झोपतो. एका पल्समध्ये इंडक्टर सुमारे १ अँपिअरपर्यंत भरला, तर कपॅसिटरला सव्वा मायक्रोकूलंब मिळतो, आणि ३० मायक्रोफॅरडवर तेवढ्यानं ४० मिलिव्होल्ट चढतात. दोन पूर्ण पल्स लागोपाठ आले तर ८०च्या घरात, आणि मोजलेले ६२ या दोन्हींच्या मधले. हा हिशेबही बसला, आणि वाढीव कपॅसिटर असलेल्या बोर्डावर तेच रीडिंग २८ आलं.

हे दृश्य स्क्रीनवर स्थिर धरायला ट्रिगर (चित्र कोणत्या क्षणी सुरू करायचं, ती खूण) नीट लावावा लागला. ऑटो मोडमध्ये थोडा वेळ ट्रिगर मिळाला नाही की स्कोप स्वतःहून स्वीप सुरू करतो आणि लाट सरकत राहते. नॉर्मल मोड घेतला, लेव्हल उडीच्या वरच्या भागात ठेवली. एका झटक्यात दोन पल्स असल्यानं स्कोप कधी पहिल्यावर, कधी दुसऱ्यावर ट्रिगर होत होता. होल्डऑफ (एका ट्रिगरनंतर थांबायचा वेळ) २० मायक्रोसेकंद केल्यावर प्रत्येक वेळी पहिलाच पल्स मिळू लागला. दोन झटक्यांमधलं अंतर १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे दहाएक किलोहर्ट्झ. लोड थोडा हलला की हे अंतरही हलायचं.

आधी कुणी कमी वेगावर पाहिलंच नव्हतं असंही नाही. टाइमबेस १० मिलिसेकंदावर ठेवून काढलेला एक फोटो फाइलमध्ये होता, त्यात संथ लाट आणि खाली शेरा: ‘५० हर्ट्झ हम, अडॅप्टर खराब’. अडॅप्टर बदलूनही झाला होता. मी तीच सेटिंग लावली. मेमरी १२,००० बिंदूंवर ठेवलेली, स्क्रीनवर बारा डिव्हिजन, म्हणजे १२० मिलिसेकंद. दर १० मायक्रोसेकंदांना एक सँपल. इतक्या विरळ सँपलनं ५०० किलोहर्ट्झची लाट पकडली की प्रत्येक सँपल पाच पूर्ण लाटा सोडून पडतो आणि त्यांच्या किंचित सरकण्यातून एक संथ लाट तयार होते, जी बोर्डावर कुठंच नसते. टाइमबेस ५ मिलिसेकंदावर आणला, ‘५० हर्ट्झ’ची लाट नाहीशी झाली आणि जागी एक भरीव पट्टा आला. खरी ५० हर्ट्झची लाट टाइमबेस बदलल्यानं नाहीशी होत नाही. मेमरी वाढवली किंवा पीक डिटेक्ट मोड लावला, की ही फसगत लगेच उघडी पडते.

बोर्डावरच्या आयसीला मोडची एक पिन आहे. ती ग्राउंडला होती, तिथून तोडून ५ व्होल्टला जोडली की आयसी हलक्या लोडवरही सलग स्विचिंग करतो. एक ट्रॅक कापून, एक जंपर टाकून पाहिलं. २० मिलिअँपिअरवर रिपल पुन्हा ११ मिलिव्होल्ट, २ मायक्रोसेकंदांचा त्रिकोण. बिनलोडाचा इनपुट करंट थोडा वाढला, पण काटा अडॅप्टरवर चालतो, बॅटरीवर नाही, त्यामुळे ग्राहकाला त्याची अडचण नव्हती. बदललेला बोर्ड काट्यात बसवून डिस्प्ले विझेपर्यंत थांबलो, शेवटचा आकडा जागेवर राहिला. ग्राहकाकडच्या काट्यांवरही तोच निकाल आला.

पुढच्या बॅचपासून ४७०चे दोन्ही कपॅसिटर आणि तांब्याची पट्टी काढून टाकली. टेस्टच्या कागदावर आता रिपलचे दोन रकाने आहेत, २ अँपिअर आणि २० मिलिअँपिअर, आणि त्यांच्या आधी एक तिसरा: शून्याचं रीडिंग. ते २ मिलिव्होल्टच्या वर असेल तर ताई पुढचे रकाने भरत नाहीत, आधी जोडणी तपासतात.